रविवारच्या चेंबर म्युझिकच्या तासात शूबर्टचा शेवट का कापला गेला

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका विद्यापीठाच्या गावात सार्वजनिक रेडिओ स्टेशन आहे. श्रोत्यांच्या देणग्या, विद्यापीठाची मदत आणि प्रायोजकांची नुसती नावं वाचून मिळणारा पैसा यांवर ते चालतं. दर रविवारी दुपारी चार ते पाच तिथे चेंबर म्युझिकचा कार्यक्रम लागतो. गावातल्या एका जुन्या चर्चच्या सभागृहात हिवाळाभर मैफली होतात. त्यांचं ध्वनिमुद्रण करायचं, वादकांची परवानगी घ्यायची आणि काही आठवड्यांनी त्या रेडिओवरून ऐकवायच्या, असा हा उपक्रम. मी तिथे बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून संकलनाचं काम करते. स्टेशन आणि माणसं ओळखू येतील असे तपशील या लेखात काढून टाकले आहेत.

ज्यांचा या संगीताशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेंबर म्युझिक म्हणजे साधारण दोन ते आठ-नऊ वादकांचं संगीत. प्रत्येकाची ओळ स्वतंत्र, समोर उभा राहून वादन चालवणारा कंडक्टर नाही, सगळं एकमेकांच्या श्वासावर आणि नजरेवर चालतं. हे संगीत मुळात घरातल्या दिवाणखान्यासाठी लिहिलं गेलं, म्हणून रेडिओला ते फार शोभतं. मराठी वाचकाला हे नातं अगदीच परकं नसावं. आकाशवाणीची ओळखीची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आले आणि तिथे त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पुढे १९३७ पासून ते आकाशवाणी मुंबईवर युरोपीय संगीताचा विभाग सांभाळत होते. मुंबईच्या रेडिओवर हे संगीत स्वातंत्र्याच्या आधीपासून वाजत आलं आहे.

आमच्या कार्यक्रमाला चार माणसं लागतात. निवेदिका निवृत्त संगीतशिक्षिका आहेत. कार्यक्रमप्रमुख आणि मुख्य तंत्रज्ञ हे दोघे स्टेशनचे पगारी कर्मचारी. संकलन माझ्याकडे. शिवाय रविवारी स्टुडिओत ड्यूटीवर एखादा विद्यार्थी असतो. कार्यक्रम आधीच तयार करून संगणकात ठेवलेला असतो, ठरल्या वेळी तो आपोआप सुरू होतो. पाच वाजले की राष्ट्रीय नेटवर्कच्या बातम्या, त्याही आपोआप.

काय घडलं

त्या हंगामात बाहेरगावच्या एका तरुण क्वार्टेटने, म्हणजे चार तंतुवादकांच्या संचाने, स्थानिक चेलोवादकाला सोबत घेऊन ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं सी मेजर स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांची रचना, वाजवलं. शूबर्टने हे १८२८ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांत लिहिलं. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला वयाच्या ३१व्या वर्षी तो गेला. क्विंटेट जाहीरपणे पहिल्यांदा वाजलं ते १८५० मध्ये व्हिएन्नात आणि छापलं गेलं १८५३ मध्ये. मोझार्टने आपल्या स्ट्रिंग क्विंटेटमध्ये दोन व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) घेतले होते, शूबर्टने दोन चेलो (त्याहून मोठं, आणखी खालच्या सुरांचं) घेतले. त्यामुळे रचनेला जी खोली आली आहे ती सभागृहाच्या लाकडी जमिनीतून पायाला जाणवते. मैफल उत्तम झाली होती. वादकांनी पहिल्या मूव्हमेंटमधली (रचनेच्या चार भागांपैकी पहिल्या भागातली) एक्स्पोझिशनची पुनरावृत्तीही घेतली होती, म्हणजे सुरुवातीचा मोठा भाग पहिल्यापासून पुन्हा वाजवला होता.

फाइल तयार झाली ती अशी: दोन मिनिटं निवेदन, जवळपास ५६ मिनिटं संगीत, शेवटी मिनिटभर नामावली. एकूण ५९ मिनिटं. हातात राहिलं एक मिनिट.

रविवारी पहिली मूव्हमेंट सुरळीत पार पडली. दुसरी मूव्हमेंट अडाजिओ, म्हणजे अतिशय संथ. तिच्या आरंभी मधली तीन वाद्यं लांबलचक सूर धरून अतिशय हळू पुढे सरकतात, दुसरा चेलो खालून तार छेडत राहतो आणि वर पहिलं व्हायोलिन तुटक तुटक बोलतं. आवाज जेमतेम असतो, काळ थांबल्यासारखा वाटतो. इथे सुमारे दोन मिनिटं गेल्यावर स्टेशनच्या सायलेन्स सेन्सरने, म्हणजे शांतता ओळखणाऱ्या यंत्राने, ठरवलं की प्रक्षेपण बंद पडलं आहे. त्याने शूबर्ट बाजूला सारून बॅकअप फाइल सुरू केली: गिटारची एक धून, स्टेशनचं नाव आणि तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी.

ड्यूटीवरच्या विद्यार्थ्याला वाटलं की संगणक अडकला. त्याने मूळ फाइल थांबवली आणि मुख्य तंत्रज्ञांना फोन केला. त्यांनी सेन्सर तात्पुरता बंद करायला सांगितलं. विद्यार्थ्याने अडाजिओ पहिल्यापासून लावली. या सगळ्यात साडेतीन मिनिटं गेली होती. पुढचं संगीत नीट वाजलं, पण घड्याळ पुढे गेलेलं होतं. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये वेग वाढत वाढत पाचही वाद्यं टोकाला पोचत असताना पाच वाजले आणि बातम्या लागल्या. दीड मिनिट संगीत राहिलं. हे क्विंटेट ज्या दोन सुरांवर संपतं, ते डी फ्लॅट आणि त्यावरून खाली येणारा सी, पाचही वाद्यांनी जोरात वाजवलेले, ते कुणालाच ऐकू आले नाहीत.

ज्यांनी हे क्विंटेट ऐकलं आहे त्यांना यातलं नुकसान कळेल. सगळी रचना सी मेजरची, आणि अगदी शेवटच्या क्षणी सीला खेटून असलेला तो डी फ्लॅट येतो. समाधानाने संपणाऱ्या वाक्यात शेवटी एक दुखरा शब्द यावा, तसा. तो काढला की तासभर ऐकलेल्याचा अर्थ बदलतो. स्टेशनवर फोन आले ते बहुतेक गिटारच्या धुनेबद्दल नव्हते, शेवटाबद्दल होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या व्हायोलिनवादिकेचं पत्र आलं. सूर सभ्य होता, पण मजकूर स्पष्ट होता: पुढच्या मैफलीच्या प्रक्षेपणाची परवानगी देण्याआधी त्यांना या स्टेशनशी बोलायचं होतं.

दोष नेमका कुठे होता

पहिल्या बैठकीत सगळ्यांचा रोख सेन्सरवर होता. सेन्सर हे साधं यंत्र. आवाजाची सरासरी पातळी ठरावीक मर्यादेच्या खाली ठरावीक सेकंद राहिली की ते बॅकअप लावतं. बातम्या, मुलाखती, जॅझ यांच्यासाठी केलेली मर्यादा अडाजिओला लागू होत नाही, हे उघड होतं. मग आधी तपासणीत हे का दिसलं नाही? कारण आमची तपासणी संपूर्ण कार्यक्रमाच्या सरासरीवर चालते. अमेरिकी सार्वजनिक रेडिओत अख्ख्या कार्यक्रमाची सरासरी पातळी -२४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजण्याचं एकक) आसपास ठेवतात. ती मोजताना अतिशय हळू भाग मोजणीतून आपोआप वगळले जातात. त्यामुळे आकडा बिनचूक आला आणि ती दोन हळुवार मिनिटं त्या आकड्यामागे दडून राहिली.

मी हिंदुस्तानी संगीत ऐकत वाढले, त्यामुळे मला आणखी एक गोष्ट जाणवली. आपल्याकडच्या मैफलीत असा सेन्सर कधी चुकणारच नाही, कारण मागे तानपुरा अखंड चालू असतो. गायक श्वास घ्यायला थांबला, सम टाळून गप्प राहिला, तरी शांतता कधी रिकामी नसते. शूबर्टला हा आधार नाही. तिथे वादक थांबले की खरोखरच काही नसतं, आणि संगीतकाराने ते तसंच मागितलेलं असतं.

घड्याळाचंही तसंच. आकाशवाणीच्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९५२ पासून दीड तासाची चौकट होती आणि मोठमोठे गवई त्या चौकटीत गायले. विलंबित किती वाढवायचं, द्रुत कधी घ्यायचं हे त्यांच्या हातात होतं, आणि स्टुडिओतलं घड्याळ समोर दिसत होतं. स्वरलिपीत बांधलेल्या रचनेला ही मोकळीक नाही. वादक एखादं मिनिट इकडे-तिकडे करतील, पाच मिनिटं नाही. त्यामुळे इथे चौकटीनेच थोडं सरकायला हवं, आणि आमच्या स्टेशनवर ती सरकवण्याचा अधिकार रविवारी दुपारी कुणाकडेच नव्हता. माझ्या मते खरा दोष हाच होता. सेन्सर चुकला तरी शेवट वाचवता आला असता. विद्यार्थ्याला बातम्या पुढे ढकलण्याची मुभा नव्हती. तंत्रज्ञांना होती, पण ते घरी होते आणि त्यांचं सगळं लक्ष सेन्सरवर होतं. कार्यक्रमप्रमुखांना कुणी फोनच केला नाही.

विद्यार्थ्याने अडाजिओ पहिल्यापासून का लावली, हेही बैठकीत विचारलं गेलं. फाइल चालू ठेवली असती तर वेळ वाया गेला नसता. सेन्सर बंद केल्यावर संगीत जिथे पोचलं होतं तिथून पुढे ऐकू आलं असतं, आणि शेवट पाचच्या आत बसला असता. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण त्या मुलाने विचार केला की अशी मूव्हमेंट मधूनच ऐकवणं बरं नाही. ऐकणाऱ्या माणसाचा विचार करून घेतलेला तो निर्णय होता, आणि मी बैठकीत तसं सांगितलं. त्याच्यासमोर घड्याळाचा हिशेब मांडलेला नव्हता: आता किती मिनिटं उरली आहेत, संगीताला किती लागणार आहेत, फरक किती. हा हिशेब कागदावर असता तर त्याने वेगळं काही केलं असतं असं तो स्वतः म्हणाला.

कोणते पर्याय समोर आले

पुनःप्रक्षेपण करायचं यावर लवकरच एकमत झालं. कसं करायचं यावर बराच वाद झाला.

कार्यक्रमप्रमुखांचं पहिलं मत होतं की अडाजिओ आणि शेवटची मूव्हमेंट एवढंच लावावं. सकाळच्या वेळेत हे स्टेशन सुट्या मूव्हमेंट लावतंच, आणि कित्येक श्रोते त्यातूनच या संगीताकडे वळले आहेत, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. निवेदिका मात्र ठाम राहिल्या: रविवारचा तास पूर्ण रचनांसाठी आहे, आणि श्रोता तो तास बाजूला काढून बसतो तो त्यासाठीच. दोन रविवारांत विभागून लावण्याची सूचना याच कारणाने मागे पडली.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता: पहिल्या मूव्हमेंटमधली पुनरावृत्ती कापायची. पाच-सहा मिनिटं सहज वाचतात. कितीतरी वादक मैफलीतसुद्धा ही पुनरावृत्ती घेत नाहीत, त्यामुळे त्यात काही पाप आहे असं कुणी म्हणणार नाही. जोडही बेमालूम होते, दोन्ही वेळचे तेच सूर जुळवले की झालं. मी संगणकावर करून पाहिलं आणि खरोखरच सांधा ऐकू येत नव्हता. तरी मी विरोध केला. वादकांनी न घेतलेली पुनरावृत्ती आणि त्यांनी घेतलेली पण आम्ही काढलेली पुनरावृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. या क्विंटेटमध्ये दोन्ही चेलो मिळून ई फ्लॅटमधली ती सुंदर धून गातात. या वादकांनी ती पहिल्यांदा उघड्या आवाजात वाजवली होती आणि दुसऱ्यांदा बरीच आत घेऊन, जणू पहिल्यांदा म्हटलेलं आता आठवत असल्यासारखी. कापायचं तर त्यांना विचारून कापायचं, असं ठरलं. आम्ही विचारलं. उत्तर नकारार्थी आलं, आणि कारणही हेच दिलं होतं.

कुणीतरी सुचवलं की एखाद्या नामांकित क्वार्टेटची सीडी लावून विषय मिटवावा. त्यात वेगळीच अडचण निघाली. एफएमवर सीडी लावायला हरकत नाही, पण हेच प्रक्षेपण आम्ही इंटरनेटवरही देतो. अमेरिकेत इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाचा सर्वसाधारण कायदेशीर परवाना असं सांगतो की एकाच अल्बममधले तीनहून अधिक ट्रॅक तीन तासांत लावू नयेत, आणि सलग तर दोनच. क्विंटेटला चार मूव्हमेंट, सीडीवर चार ट्रॅक, आणि ते सलगच लागणार. हा नियम गाण्यांचा विचार करून केलेला वाटतो, चार भागांच्या एका रचनेला तो कसा लावायचा यावर खल करता येईल, पण त्यात पडायची कुणाची तयारी नव्हती. आमच्या स्वतःच्या मुद्रणाला वादकांची थेट परवानगी असल्यामुळे हा प्रश्नच येत नव्हता. आणि खरं सांगायचं तर सीडी लावून वादकांचा विश्वास परत मिळाला नसता.

मग उरलं घड्याळ. कार्यक्रमप्रमुख म्हणाले, तासाच्या ठोक्याला स्टेशनची ओळख सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पाचच्या पुढे जाताच येणार नाही. स्टेशनवर कित्येक वर्षं सगळे हेच धरून चालत होते. नियम काढून वाचला तेव्हा कळलं की ओळख तासाच्या शक्य तितक्या जवळ, पण कार्यक्रमातल्या स्वाभाविक विरामाच्या जागी सांगायची आहे. म्हणजे संगीत संपल्यावर सांगितली तरी चालते. अडथळा कायद्याचा नव्हता, ऑटोमेशनमध्ये भरलेल्या वेळापत्रकाचा होता. पाचच्या बातम्या पाच मिनिटांच्या, आणि त्यापुढचा कार्यक्रम पाच वाजून सहा मिनिटांनी सुरू होतो. बातम्या त्या दिवसापुरत्या वगळल्या तर सहा मिनिटं मोकळी होतात.

यालाही विरोध होता. पाचच्या बातम्यांसाठीच रेडिओ लावणारी माणसं आहेत, आणि या कार्यक्रमाच्या श्रोत्यांपेक्षा ती जास्त आहेत. शेवटी तडजोड अशी झाली: फक्त लांब रचनांसाठी, हंगामात मोजक्याच वेळा, आणि आदल्या आठवड्यात रेडिओवर सांगूनच बातम्या सोडायच्या.

काय केलं

वादकांशी झालेल्या परवानगीत एकच प्रक्षेपण आणि ठरावीक मुदतीपुरतं इंटरनेटवर ऐकवणं एवढंच बसत होतं. म्हणून पुनःप्रक्षेपणासाठी पाचही जणांची नवी लेखी संमती घेतली. निवेदिकांनी स्वतः पहिल्या व्हायोलिनवादिकेला फोन केला आणि काय घडलं, कुठल्या क्रमाने घडलं, ते काही न लपवता सांगितलं. त्या संभाषणानंतर पत्रव्यवहाराचा सूर बदलला.

तंत्रज्ञांनी सेन्सरची मर्यादा खाली आणली आणि प्रतीक्षेचे सेकंद वाढवले, पण फक्त रविवारच्या त्या तासापुरते. ऑटोमेशनच चारला ही सोय लावतं आणि कार्यक्रम संपला की काढतं. कायमचं तसं ठेवलं तर मध्यरात्री प्रक्षेपण खरंच बंद पडल्यावर कुणाला पत्ता लागला नसता.

माझ्याकडे होतं मुद्रणाची पातळी सावरण्याचं काम. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बाहेर कुणाला हे काम दिसत नाही. प्रक्षेपणाच्या साखळीत कॉम्प्रेसर असतो, तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो. त्याच्यावर सगळं सोपवलं तर अडाजिओची सुरुवात मोठी होते, सभागृहातली घरघर आणि खोकलाही मोठा होतो, आणि पुढचा जो आघात आहे तो बोथट होतो. अडाजिओच्या मध्यात एफ मायनरचा भाग अचानक उसळतो. त्याआधी तीन-चार मिनिटं जगात काहीच घडत नाही असं वाटायला लावून शूबर्ट तिथे दार फोडतो. ऐकणाऱ्याला धक्का बसायला हवा, तर दोन भागांतलं अंतर राहायलाच हवं.

म्हणून फेडर, म्हणजे आवाजाची पातळी वर-खाली करणारी सरकपट्टी, हाताने चालवला. स्कोअर (रचनेची स्वरलिपी) समोर ठेवून पेन्सिलने खुणा केल्या. पहिली मूव्हमेंट संपल्यावर वादक खुर्च्यांत सावरतात, पानं उलटतात, त्या काही सेकंदांत पातळी चार डेसिबलने वर नेली. तिथे ती वाढली हे कानाला कळत नाही, कारण तुलना करायला सूरच नसतो. अडाजिओ त्या वाढलेल्या पातळीवर सुरू होते. मग एफ मायनर येण्याआधीच्या दोन मिनिटांत तेच चार डेसिबल इतक्या सावकाश खाली आणायचे की कुठेही उतार जाणवू नये. व्हायोलिनच्या दोन वाक्यांमध्ये जिथे मधले सूर बदलतात, तिथे थोडं थोडं. एफ मायनर येतो तेव्हा फेडर मूळ जागी आलेला असतो आणि तो आघात वादकांनी वाजवला तेवढाच पोचतो. एफ मायनरनंतर पहिला भाग नक्षीदार होऊन परत येतो, तिथे हीच क्रिया उलट.

एक खोकला होता, व्हायोलिनच्या एका वाक्याच्या शेपटाला चिकटलेला. तालमीच्या मुद्रणातून तेवढा तुकडा आणून बसवता आला असता. तो राहू दिला. मैफल माणसांसमोर झाली होती आणि पुढच्याच सुरात व्हायोलिनवादिका किंचित जास्त थांबली आहे. त्या खोकल्यामुळेच थांबली असावी. खोकला काढला असता तर ते थांबणं विनाकारण वाटलं असतं.

तयार फाइल गाडीत बसून महामार्गावर ऐकली. आमचे निम्मे श्रोते रविवारी दुपारी गाडीत असावेत असा माझा अंदाज आहे. टायरच्या आवाजात दुसऱ्या चेलोची छेडलेली तार ऐकू येते का, एवढंच पाहायचं होतं. ऐकू आली, पण काठावर. आणखी वर नेलं असतं तर घरात शांत बसून ऐकणाऱ्याचं नुकसान झालं असतं, म्हणून तिथेच थांबले.

शेवटची तयारी कागदाची. स्टुडिओतल्या टेबलावर एक पान ठेवलं: प्रत्येक मूव्हमेंट किती वाजता सुरू व्हायला हवी, अडचण आली तर फाइल थांबवायची नाही, फाइल चालू ठेवून आधी सेन्सर बंद करायचा, आणि शेवट पाचच्या पुढे जात असेल तर ड्यूटीवरचा माणूस स्वतःच्या अधिकारात बातम्या सहा मिनिटांपर्यंत सोडू शकतो. हे शेवटचं वाक्य कार्यक्रमप्रमुखांनी स्वतः लिहिलं आणि खाली सही केली.

परिणाम

पुनःप्रक्षेपण त्याच हंगामात झालं. ड्यूटीवर तोच विद्यार्थी होता, त्यानेच मागून घेतली होती. अडाजिओ पूर्ण वाजली. क्विंटेट चार वाजून ५९ मिनिटांच्या आसपास संपलं, टाळ्या पुरत्या वाजू दिल्या, नामावली पाचनंतर वाचली आणि मग स्टेशनची ओळख. बातम्या त्या दिवशी लागल्या नाहीत. त्याबद्दल तक्रारी आल्या, आणि त्यांपैकी एक रास्त होती: त्या दिवशी परिसरात हिमवादळाचा इशारा होता आणि त्या श्रोत्याला तो पाचच्या बातम्यांत ऐकायचा होता. तेव्हापासून हवामानाचा इशारा असेल त्या दिवशी बातम्या सोडायच्या नाहीत, मग रचना कुठलीही असो, असं ठरलं. मला हे मान्य आहे.

क्वार्टेटने पुढच्या मैफलीच्या प्रक्षेपणाला परवानगी दिली. परवानगीच्या अर्जात आता एक नवा रकाना आहे: पुनरावृत्ती घेणार आहात का, आणि प्रक्षेपणासाठी काही वगळायला तुमची हरकत आहे का. काही वादक हरकत नाही असं लिहितात, आणि मग निर्णय सोपा होतो.

सेन्सरची खरी परीक्षा पुढच्या हंगामात झाली. फ्रेंच संगीतकार मेसियांचं ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ लावायचं होतं. मेसियांने ते युद्धकैद्यांच्या छावणीत लिहिलं आणि १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लिट्झच्या त्या छावणीतच ते पहिल्यांदा वाजलं. त्याच्या तिसऱ्या भागात एकटी क्लॅरिनेट आहे. तिथे काही सूर जवळजवळ काहीच नसल्यापासून सुरू होऊन हळूहळू फुगत जातात, ते इतके की ऐकणाऱ्याने दचकावं. सेन्सर हलला नाही. या वेळी मी फेडरला हातही लावला नाही. शून्यातून येणारा सूर शून्यातूनच यायला हवा, तो वर उचलला तर उरतं काय? गाडीत बसलेल्यांना त्यातला काही भाग ऐकू आला नसेल. निवेदिकांनी आधीच सांगितलं होतं की पुढचा भाग शक्य असेल तर गाडी थांबवून ऐका.

वेगळं काय करता आलं असतं

प्रक्षेपणाआधी पूर्ण फाइल सेन्सरमधून चालवून पाहणं सहज शक्य होतं. स्टुडिओ रात्री रिकामा असतो आणि सेन्सरला जोडलेला एक दिवा आहे, तो पेटतो का एवढंच पाहायचं. आता लांब आणि हळुवार रचनांसाठी आम्ही ते करतो.

वेळेचा प्रश्न मैफलीच्या आधीच काढायला हवा होता. क्विंटेट पुनरावृत्तीसह ५५ मिनिटांच्या पुढे जाऊ शकतं हे निवेदिकांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. वादक गावात होते, आमच्यासोबत जेवले होते. तेव्हा विचारलं असतं तर त्यांनी कदाचित निवेदन एका मिनिटावर आणायला सुचवलं असतं, आणि रविवारी हातात दुप्पट वेळ राहिला असता.

त्या संध्याकाळी लगेच रेडिओवर खुलासा करायला हवा होता. तो सोमवारी सकाळी झाला, तेव्हा रविवारचे श्रोते ऐकत नव्हते. बातम्यांनंतरचा एखादा विराम घेऊन विद्यार्थ्यालाच दोन वाक्यं बोलू दिली असती तर निम्मे फोन आले नसते. आणि राहिलेलं दीड मिनिट त्याच संध्याकाळी, पुढचा कार्यक्रम संपल्यावर लावावं अशी सूचना एका श्रोत्याने केली होती. सुरुवातीला मला ती विचित्र वाटली. आता वाटतं की ज्यांनी तासभर बसून ऐकलं होतं त्यांच्यासाठी ते करायला हवं होतं.

एका बाबतीत मात्र अजून मतभेद आहेत. कार्यक्रमप्रमुखांना वाटतं की लांब रचनांसाठी महिन्यातून एकदा दोन तासांचा वेगळा कार्यक्रम करावा आणि रविवारचा तास ४५ मिनिटांच्या आतल्या रचनांना राखून ठेवावा. तसं झालं तर हायडन, मोझार्ट, बेथोवनचे बरेचसे क्वार्टेट आणि ड्वोर्झाकचे क्विंटेट तासात आरामात बसतील. निवेदिकांना भीती वाटते की वेगळा कार्यक्रम रात्री उशिराच्या वेळेत ढकलला जाईल आणि तिथे तो कुणी ऐकणार नाही. माझं मत त्यांच्या बाजूने आहे, पण उत्तर लवकरच द्यावं लागणार आहे. येत्या हिवाळ्यात त्याच सभागृहात शूबर्टचं ऑक्टेट आहे: सहा मूव्हमेंट, आठ वादक, आणि सगळ्या पुनरावृत्त्या घेतल्या तर तासाच्या पुढे जाणारं. बातम्या सोडल्या तरी ते निवेदनासकट बसत नाही. वादकांना अर्ज पाठवला आहे, पुनरावृत्तीचा रकाना भरून यायचा आहे.